एकच बाजू सुटली: घरी केलेल्या सुरीच्या मुठीचे प्रकरण

सुरी पुण्यात घराच्या गच्चीवर तयार झाली, उन्हाळ्यात. मूठ सुटली कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीवर, जुलैमध्ये. बनवणारा माझा मित्र पेशाने हिशेबनीस आहे आणि हातात हत्यार आले की त्याला तहानभूक आठवत नाही. माझी उमेदीची वर्षे टूलरूममध्ये गेली, म्हणून नोव्हेंबरात त्याने ती सुरी माझ्या टेबलावर आणून ठेवली. सोबत निकालही आणला होता: "गोंद भिकार निघाला."

घरी सुऱ्या करणाऱ्यांच्या गप्पांत हा निकाल नेहमी ऐकू येतो. पात्याचे पोलाद, पाणी, धार यांवर तासन्‌तास बोलणारी माणसे मुठीचा विषय निघाला की गोंदाचे नाव विचारतात आणि थांबतात. या सुरीत मात्र एक गोष्ट अशी होती, की तिने गोंदाला लगेच दोषी ठरवू दिले नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

वस्तू

सुरी साधी आहे. पाते ११५ मिलिमीटर लांब, सर्वांत रुंद जागी ३० मिलिमीटर, पाठीकडे साडेचार मिलिमीटर जाड. पोलाद एका टेम्पोच्या स्प्रिंगच्या पाट्याचे, जुन्या बाजारातून वजनावर घेतलेले. पात्याचे शेपूट मुठीच्या टोकापर्यंत मुठीएवढेच रुंद. त्याच्या दोन्ही अंगांना आठ-आठ मिलिमीटर जाडीच्या सागवानी फळ्या, पाच मिलिमीटरच्या दोन पितळी खिळ्यांनी आणि इपॉक्सीने (दोन भाग कालवून लावायच्या गोंदाने) बसवलेल्या. बागेत फांद्या छाटणे, झावळीचे हीर काढणे, चुलीसाठी ढलप्या करणे, ट्रेकवर कांदा चिरणे, एवढे तिचे काम. (मोठे पाते करण्याची हौस असलेल्यांनी लक्षात ठेवावे: घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी नसलेले, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते शस्त्र नियमांच्या यादीत येते. रानात वापरायला चार-पाच इंच पुष्कळ होतात.)

साग कुठला, तर मित्राच्या आजोळच्या पडलेल्या घराच्या दाराच्या चौकटीचा. लाकूड ऐंशी वर्षांचे तरी असेल. त्याला त्याचाच मोठा अभिमान होता, आणि खात्रीही: "इतकं जुनं लाकूड आता काय हलणार?"

तक्रार अशी. जूनमध्ये सुरी कोकणात काकांकडे गेली. तीन आठवड्यांत फळ्यांचे काठ पोलादाच्या बाहेर आल्यासारखे हाताला लागू लागले. मग डाव्या फळीच्या पुढच्या टोकापाशी, पात्याला लागून, तांबूस पाणी झिरपायला लागले. जुलैअखेर ते टोक उचलले गेले आणि पुढच्या खिळ्यापासून टोकापर्यंत उभी चीर गेली. उजवी फळी जिथल्या तिथे होती.

माझ्या टेबलावर आली तेव्हा लाकूड पुन्हा आटून पोलादाच्या पातळीला आले होते, पण डाव्या टोकाची फट तशीच. ०.४ मिलिमीटरची फीलर गेज (फट मोजायचे पोलादी पान) सरळ आत जात होती, १५ मिलिमीटर खोल. उजव्या बाजूला सर्वांत बारीक पानही शिरत नव्हते. दोन्हीकडे त्याच चौकटीचा साग, एकाच वाटीत कालवलेला इपॉक्सी, तोच पाऊस. मग सुटली ती एकच बाजू का? माझ्या मते प्रकरणाचा सारा अर्थ या प्रश्नात होता. "गोंद भिकार" या उत्तरात त्याला जागा नव्हती.

बनवताना काय काय झाले

त्याच्याकडून क्रमाने ऐकले. पाट्याचा तुकडा सहा मिलिमीटर जाड आणि अर्थातच कमानदार होता. विटांच्या भट्टीत लोणारी कोळसा, वाऱ्याला केस वाळवायचे यंत्र. तुकडा लाल करून ऐरणीवर (म्हणजे रुळाच्या तुकड्यावर) ठोकून सपाट केला. मग ग्राइंडरने आकार काढला. एका बाजूची मूळ काळी कातडी थोडी दिसायला छान म्हणून पात्याच्या पाठीलगत ठेवली, दुसरी बाजू पूर्ण घासली. शेपटात खिळ्यांसाठी दोन भोके पाडली, बरोबर पाच मिलिमीटरची.

मग पाणी दिले, म्हणजे लाल तापवून झटक्यात निववून कडक केले. पाट्याच्या पोलादाला खरे पाणी देऊ नये, तडकते. त्याने गरम केलेल्या तेलात बुडवले, ते योग्यच. तापमान ओळखायला लोहचुंबक. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला धरेनासे होते. तिथून थोडे पुढे, आणखी उजळ रंगावर नेऊन त्याने पाते आडवे न टाकता टोकाकडून उभे सोडले. कानस पात्यावरून घसरली, म्हणजे कडकपणा आला. नंतर घरच्या ओटीजी ओव्हनमध्ये २०० अंशांच्या आसपास दोन वेळा दोन-दोन तास भाजून ठिसूळपणा उतरवला. भंगारातल्या पाट्याचे पोलाद नक्की कुठल्या जातीचे हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून त्याने आधी एक चिल्लर तुकडा तसाच कडक करून मोडून आतले दाणे बघितले होते. बारीक, करड्या रंगाचे होते. हे सगळे हौशी माणसाच्या मानाने उत्तम. पात्याबद्दल माझी तक्रार नाही आणि पुढे त्यावर फार बोलणारही नाही. पितळी सळईवर धार दाबून पाहिली. वाकली आणि परत आली, ना दुमडली ना तुटली.

पण त्याने पाते आणि शेपूट दोन्ही एकसारखे कडक केले होते. आणि तेलातून निघताना सुरीला "जरासा बाक" आला होता. पात्याच्या भागातला बाक त्याने घासून काढला. शेपटातला ठेवला, कारण "फळ्यांखाली झाकलाच जाणार होता आणि क्लॅम्प लावल्यावर सरळ बसला."

शेपूटही त्याने आरशासारखे चमकवले होते. झाकल्या जाणाऱ्या भागाला पॉलिश का, असे विचारल्यावर म्हणाला, हात थांबला नाही.

संशयितांची हजेरी

गोंद सोडून इतरांकडे आधी वळलो.

उष्णता: फळ्या बसवल्यावर त्याने ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने मूठ गोल केली होती. पितळ उष्णता झटकन आत नेते आणि घरगुती इपॉक्सी साठ-सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो. खिळा हाताला चटका देत असेल, तर आतला गोंद कधीच ढिला झालेला असतो. हा खरा धोका आहे, पुष्कळ मुठी अशाच मरतात. पण तसे असते तर दोन्ही फळ्यांत, खिळ्यांभोवती सारखाच परिणाम दिसला असता. शिवाय नंतर उघडल्यावर खिळ्यांलगतचा इपॉक्सी नखाला कठीण लागला, रंगही बदललेला नव्हता. उष्णता निर्दोष सुटली.

सागाचा तेलकटपणा: सागात नैसर्गिक तेले असतात, म्हणून तर तो दारा-होड्यांत टिकतो, आणि म्हणूनच त्याला गोंद धरताना कुरकुर होते. जोडण्याच्या अगदी आधी ताजे घासून, अ‍ॅसिटोनने पुसून लगेच गोंद लावावा लागतो. मित्राने पुसले होते, पण थिनरने. तरीही पुन्हा तेच: दोन्ही फळ्या तशाच पुसलेल्या.

लाकडाची हालचाल: इथे मात्र थांबावे लागले, कारण "जुने लाकूड हलत नाही" हा समज चांगल्या जाणत्या माणसांतही आहे. लाकडाचा ओलावा हवेबरोबर वर-खाली होतो. ते कापल्याला किती वर्षे झाली याला त्यात फारसा अर्थ नाही. पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत घरातले लाकूड साधारण ७–८ टक्के ओलाव्याला येऊन बसते. कोकणातल्या भर पावसाळ्यात, हवेतली आर्द्रता ८५ च्या पुढे असताना, तेच लाकूड १७–१८ टक्क्यांकडे जाते. साग त्यातल्या त्यात शहाणा. ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत वलयांच्या दिशेने तो सुमारे ५ टक्के आक्रसतो, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या निम्मा. म्हणजे ओलावा १० टक्क्यांनी बदलला की वलयांच्या दिशेने पावणेदोन टक्के. मूठ २७ मिलिमीटर रुंद. हिशेबनिसाला हिशेब करायला सांगितला: जवळजवळ अर्धा मिलिमीटर. दोन्ही काठांत वाटला तर प्रत्येकी पाव. हाताला लागणारा काठ तो हाच. मधले पोलाद या काळात तसूभरही हललेले नसते.

त्याच्या फळ्यांच्या दर्शनी अंगावर कमानींसारखे पट्टे होते, म्हणजे जास्त हलणारी दिशा नेमकी मुठीच्या रुंदीत आली होती. उभ्या समांतर रेषा दिसतील अशी फळी चिरली असती तर हालचाल निम्म्यावर आली असती. पण एवढे सगळे मान्य करूनही लाकूड दोन्हीकडे फुगले. उजवी फळी तेवढेच फुगून-आटून चिकटूनच राहिली. म्हणजे हालचालीने काम पुरे केले असेल, सुरुवात दुसऱ्या कुणी केली.

काकांचे मत फोनवर मिळाले. ते मित्राला म्हणाले, "दाराचं लाकूड मुठीला कोण लावतं रे?" यात तथ्य आहे. गावातला सुतार कुऱ्हाडीच्या दांड्याला किंवा कोयत्याच्या मुठीला साग घेत नाही. देशावर बाभूळ, डोंगराकडे धामण, तिवस, अशी चिवट लाकडे घेतो. साग टिकाऊ आणि शांत, पण रेषेत चिरफळतो. खिळ्यापासून टोकापर्यंत गेलेली चीर त्याचीच साक्ष. मात्र चीरही डावीकडेच होती.

उघडल्यावर

पुढची वीस मिनिटे महत्त्वाची होती, म्हणून गरम हवा वापरली नाही. गरम केले की इपॉक्सी मऊ होऊन फळ्या सहज निघतात, पण पुरावा जातो. खिळ्यांची ठोकून पसरवलेली डोकी कानशीने उडवली, खिळे आतून बाहेर हाणले आणि पटाशी लावली.

डावी फळी जवळजवळ आपणच आली. पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात सगळा गोंद लाकडावर, आणि पोलाद चकचकीत, कडेला फक्त गंजाची रेघ. मागच्या टोकाकडेही तसेच, थोड्या कमी भागात. मध्यभागी मात्र लाकडाचे तंतू पोलादाला चिकटून राहिले होते. आणि गोंदाचा थर सगळीकडे कागदासारखा पातळ.

उजव्या फळीने घाम काढला. ती तुकड्यांत निघाली. टोकांपासून मध्यापर्यंत पोलादावर सागाचा पापुद्रा राहिला, म्हणजे गोंद तुटण्याआधी लाकूड फाटले. मध्यभागी गोंदाचा थर नखाएवढा जाड.

गोंद इथे निर्दोष सुटला. त्याच वाटीतला, तशाच चकचकीत पोलादावर लावलेला, उजवीकडे लाकडाहून बळकट ठरला होता.

मग शेपूट साफ करून गुण्याची पट्टी उभी धरली आणि उजेडाकडे बघितले. ११० मिलिमीटर लांबीत ०.६ मिलिमीटरचा बाक. फुगीर अंग डावीकडे, खोलगट उजवीकडे.

आता सगळे जुळते. फुगीर अंगावर सपाट फळी ठेवली की ती मध्यावर टेकते आणि दोन्ही टोके अधांतरी राहतात. सी-क्लॅम्पने ती टोके दाबून पोलादाला लावली, गोंद पिळून बाहेर गेला, थर पातळ राहिला, रात्रीत सुकला. सकाळी क्लॅम्प काढला त्या क्षणापासून आठ मिलिमीटर जाडीची सागवानी फळी सरळ व्हायला बघत होती, आणि तिला टोकाशी फक्त गोंद धरून होता. इपॉक्सीला सरकवणारा जोर पुष्कळ सोसतो. कडेपासून सोलून काढणारा जोर त्याला सोसत नाही, आणि फळीचे टोक नेमके तेच करत होते. खोलगट अंगाला उलटे: टोके टेकलेली, मध्य अधांतरी. मध्यावरचा ताण सोलणारा नव्हता. तिथे गोंदाला जाड थरही मिळाला होता आणि दोन्हीकडे खिळे होतेच. म्हणून तीच फळी, तोच गोंद, तोच पाऊस सोसून उजवी बाजू टिकली.

पुढचा खिळा डाव्या फळीच्या टोकापासून २२ मिलिमीटरवर होता. त्याच्या पुढचे सगळे टोक म्हणजे एक तरफ. बरोबर पाच मिलिमीटरच्या भोकात पाच मिलिमीटरचा खिळा, वर डोके ठोकून पसरवलेले. फुगायला जागाच नाही. फळीच्या पुढच्या टोकाला, जिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी असतात, तेल वा गोंद काहीच लावले नव्हते. लाकूड अंगातून पाणी पिते त्याच्या कितीतरी पट वेगाने या तोंडातून पिते. उघड्या टोकातून पाणी शिरले, ताणलेल्या गोंदाखाली चकचकीत पोलाद गंजायला लागले, गंजाने टोक आणखी उचलले, उचललेल्या टोकाने खिळ्यापाशी चीर पाडली.

पॉलिशला मी सहआरोपी धरतो. उजवीकडे ते खपून गेले; डावीकडे ६० नंबरच्या पॉलिश पेपरचे खरखरीत ओरखडे असते तर कदाचित एक पावसाळा निघाला असता. दोन नाही.

बाक आला कुठून

पाटा मुळातच कमानदार. तो ठोकून सपाट केला की आत ताण राहतात. त्यानंतर एका बाजूची जुनी कातडी ठेवून दुसरी घासली, म्हणजे दोन अंगे सारखी राहिली नाहीत. भट्टी आणि वर्षानुवर्षांचा वापर यांनी कातडीतला कार्बन थोडा जळालेला असतो, ती वेगळी वागते. अशा पोलादाला तेलात बुडवल्यावर ते वाकले नाही तरच नवल.

यावर उपाय भट्टीतच आहे आणि फुकट आहे. ठोकणे संपले की तुकडा चुंबक सोडेपर्यंत, त्याच्या थोडा पुढे तापवायचा आणि वाऱ्यापासून दूर, उघड्या हवेत आपोआप काळा पडू द्यायचा. असे दोन-तीनदा. ताण उतरतात, दाणेही बारीक होतात. घासकाम दोन्ही अंगांनी आळीपाळीने आणि सारखे करायचे. तरीही बाक आलाच, तर तेलातून काढल्यावर पोलाद हाताला सोसवणार नाही इतके गरम असते त्या थोड्या वेळात, जाड हातमोजे घालून, ते सरळ करता येते. एकदा पूर्ण थंड झाले की काचेसारखे तुटेल. ती वेळ हुकली, तर ओटीजीत ठेवताना लोखंडी पट्टीला उलट बाक देऊन क्लॅम्पने बांधून भाजायचे.

आणि भोके. कडक झाल्यावर शेपटात साधे ड्रिल चालत नाही, म्हणून त्याने आणखी भोके पाडायचा विचारच केला नव्हता. पाणी देण्याआधी दोन खिळ्यांच्या भोकांव्यतिरिक्त सहा-आठ मिलिमीटरची चार-पाच भोके पाडून ठेवली की गोंद आरपार जाऊन दोन्ही फळ्यांना एकमेकींशी बांधतो, वजनही उतरते. त्याच्या हातून चुकला असेल तर तो कामांचा क्रम. हात चांगलाच आहे.

दुरुस्ती

पाते ठेवायचे होते, म्हणून शेपूट मऊ करावे लागले. पत्र्याच्या ट्रेमध्ये पाणी घेऊन पाते त्यात बुडवले, वर फक्त शेपूट. ब्लो टॉर्चने शेपटाच्या टोकाकडून तापवत आणले. रंग पिवळट, तपकिरी, जांभळा, निळा असे पळतात. निळा सुमारे ३०० अंशांचा, आणि त्यावर थांबलो असतो तर ड्रिल अजूनही नाचले असते. म्हणून खोलीतला दिवा घालवून, अंधारात जेमतेम दिसेल अशा काळपट लालीपर्यंत नेले आणि सावकाश निवू दिले. पाण्यालगतचा बोटभर भाग थंडच ठेवला. कोबाल्टच्या बिटाने चार भोके पडली. खिळ्यांची भोके थोडी मोठी केली. व्हाइसमध्ये तीन पितळी सळया धरून, मधली उलट्या अंगाला, शेपूट दाबून सरळ केले. उरलेला केसभर बाक जाड काचेवर ८० नंबरचा पेपर चिकटवून घासून काढला. कडेची चार मिलिमीटरची पट्टी सपाट सोडून मधला भाग ग्राइंडरने किंचित खोल केला, गोंदाला राहायला.

लाकडावरून वाद झाला. माझे म्हणणे, कोकणात राहणार असेल तर हायलम लाव, म्हणजे राळेत भिजवून दाबलेल्या थरांचा कडक पत्रा. पॅनेल बोर्डाचे सामान विकणाऱ्या दुकानांत मिळते. त्यातले कागदाच्या थरांचे नको, कापडाच्या थरांचे घ्यायचे. पाण्याने जवळजवळ हलत नाही, ओल्या हातात घट्ट बसते, चिरफळत नाही. परदेशी सुऱ्यांवर मायकार्टा म्हणून मिरवते ते याच कुळातले. घासताना तोंडावर चांगला मास्क हवा, ती धूळ फुप्फुसाला वाईट. मित्राला ते "स्विचबोर्डासारखं" दिसते. दिसते, हे खरे आहे.

शेवटी काकांनी मोडक्या नांगराचे तिवसाचे रुमणे पाठवले. त्यातून उभ्या रेषांच्या दोन फळ्या चिरल्या आणि फडताळात ठेवून दिल्या. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घेऊन दर आठवड्याला वजन करायचे, वजन बदलायचे थांबले की लाकूड त्या हवेला स्थिरावले. जोडणीची वेळही मुद्दाम निवडली: हिवाळ्याची सुरुवात. मेमध्ये जोडलेली मूठ पुढे फक्त फुगतेच, जुलैत जोडलेली फक्त आटते. मधल्या ओलाव्याला जोडली की दोन्हीकडची ओढ निम्मी होते.

फळ्यांची पुढची तोंडे आधीच पूर्ण घासून घेतली, कारण जोडल्यावर तिथे कानस लावली तर पात्यावर ओरखडे येतात. त्या तोंडांना पातळ केलेला इपॉक्सी दोनदा पाजला. पुढचा खिळा आता टोकापासून १२ मिलिमीटरवर. लाकडातली भोके ५.२ मिलिमीटरची, खिळ्याची डोकी जेमतेम पसरवलेली. पाच मिनिटांत धरणारा इपॉक्सी बाजूला ठेवून रात्रभर घेणारा वापरला. झटपट जातीचे पाण्यापुढे लवकर मऊ पडतात. गोंदाआधी फळ्या नुसत्या ठेवून बघितल्या: हाताच्या बोटांनी दाबून जिथे उजेड दिसत नाही, तिथेच क्लॅम्प लावायचा अधिकार मिळतो. क्लॅम्पने फळी ओढून आणायची नाही, आलेली फळी हलू नये एवढेच त्याचे काम. चिकटले की दोन दिवस हात लावला नाही आणि आकार पूर्ण कानशीने दिला.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा, पातळ, चार-पाच वेळा, दर वेळी पुसून. कोकणात लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावतात, होड्यांनाही. ते लाकूड उत्तम राखते, पण कातडी भाजते. रोज हातात धरायच्या मुठीला चालणार नाही. बिब्ब्याचेही तेच. आणि जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून डब्यात टाकू नयेत: ते सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत. तेल ओलाव्याचा वेग कमी करते, ओलावा थांबवत नाही, हेही त्याला सांगितले.

काकांना हा सगळा खटाटोप पटलेला नाही. त्यांच्या कोयत्याला निमुळते शेपूट आहे, लोहाराने लाल करून लाकडात जाळत बसवलेले, तोंडाशी लोखंडी शेंबी, म्हणजे कडे. ढिली झाली की मूठ उलटी धरून दगडावर दोन ठोके द्यायचे. अगदीच गेली तर नवी मूठ एका सकाळी. तलवारीच्या मुठी लाखेने बसवत, त्यातही हीच सोय होती: तापवा, काढा, पुन्हा बसवा. दोन फळ्यांची मूठ सुंदर दिसते, हातात भरते, पण ती बनवताना सगळे बरोबर झाले तरच टिकते. रानात वापरायच्या पहिल्यावहिल्या सुरीला मी तरी निमुळते शेपूट आणि शेंबीच सुचवेन. मित्र ऐकणार नाही हे ठाऊक होते.

पुढचा पावसाळा

सुरी जूनमध्ये पुन्हा कोकणात गेली. सोबत त्या सागवानी चौकटीचा उरलेला तुकडाही, त्याच पडवीत, त्याच फळीवर ठेवायला. ऑगस्टमध्ये तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणवला. वजन ४६.८ ग्रॅम. ओटीजीत शंभर अंशांच्या थोडे वर, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवला: ४०.१ ग्रॅम. म्हणजे ओलावा १६.७ टक्के, ऐंशी वर्षांच्या लाकडात. मित्राने हे आकडे वहीत उतरवून घेतले.

तिवसाच्या फळ्यांचे काठ पावसाळ्यात बोटाला किंचित लागले, व्हर्नियरने मुठीची रुंदी ०.२ मिलिमीटर वाढलेली. फट नाही, तांबूस पाणी नाही, चीर नाही. पितळेवर हिरवट डाग आला तो राखेने गेला. गंज चढला तो पात्यावर, कारण काकांनी सुरी चामड्याच्या म्यानातच ठेवली होती. पावसाळ्यात म्यान खुंटीवर आणि तेलाचे बोट फिरवलेली सुरी बाहेर, ही सवय लावायची राहिली होती. शिवाय उजव्या फळीच्या मागच्या टोकाशी गोंदाची रेघ किंचित जाड दिसते. तिथे काचेवर घासताना कोपरा जास्त गेला असणार. फीलर गेज आत जात नाही, म्हणून हात लावलेला नाही.

दुसरी सुरी भट्टीत आहे. या वेळी शेपटाला सहा भोके आधीच पडली आहेत, जाडी अर्धा मिलिमीटर जास्त ठेवली आहे आणि तुकडा तीनदा तापवून हवेत निववला आहे. मुठीला पुन्हा साग म्हणतो आहे.